सांधा नसलेला न्हावी

पहिल्याच दिवशी आर्तत्राण गुरूंनी विचारलं,
काय करत होतास?
म्हटलं, अंगुलच्या अॅल्युमिनियम कारखान्यात
एकतीस वर्षं वेल्डर.
उरलेल्या चार दातांनी ते हसले:
मग तुझं इथे काय काम रे बाबा,
आमच्या रावणछायेत
एकाही बाहुलीला सांधा नसतो.

डोक्यापासून टाचेपर्यंत एकच कातडं.
मान वळत नाही, कोपर दुमडत नाही,
जे काय चालायचं, उडायचं, मरायचं
ते दिव्याच्या जवळ जाऊन
नाहीतर दिव्यापासून लांब येऊन.

पूर्वी हरणाचं असायचं, आता बकऱ्याचं,
मंगळवारच्या हाटातून आणलेलं.
दोन दिवस पाण्यात, मग राख चोळायची
आणि खापरीच्या तुकड्याने केस खरवडायचे.
वास नखांत बसतो.
सैरिंध्रीने माझं ताट ओसरीवर आणून ठेवलं,
म्हणाली, रिटायर होऊन खाटीक झालात का?

शिकणारे आम्ही सहा.
तालचेरची दातांची डॉक्टर, तिचा हात सगळ्यात हलका,
कॉलेजची दोन पोरं,
शाळेचा एक शिपाई, मी,
आणि गुरूंची नात मिनती, वय नऊ,
जिला आमच्या चुका आमच्याआधी दिसतात.

छिन्न्या: गोल, चौकोनी, चंद्रकोरी,
एक तर तांदळाच्या कणीएवढी.
खाली चिंचेचा ठोकळा.
भोकं किती पाडायची ते गुरू सांगत नाहीत.
म्हणतात, फाटायच्या आधी थांब.

एकतीस वर्षं मी उजेड काळ्या काचेतून पाहिला.
काच विसरलो त्या दिवशी
रात्रभर डोळ्यांत वाळू,
आणि पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत
सैरिंध्री, एक अक्षर न बोलता.
आता एकेका भोकाला डोळा लावून बसतो:
यातून विहिरीचा रहाट,
त्यातून मिनतीची रिबन,
एकातून नुसतंच ऊन, मिचकावून बघावं असं.

मला राम करायचा होता.
गुरू म्हणाले, रामाची सावली पडत नाही
असं आमचे म्हातारे सांगायचे,
म्हणून तर खेळाला नाव रावणाचं.
तू न्हावी कर.
न्हावी आणि त्याचा नातू मध्येच कुठूनतरी येतात,
गावातल्या कुणाकुणाची हजामत करतात,
लोक हसतात,
आणि तेवढा वेळ लंका जळायची थांबते.

तिसऱ्या दिवशी हातोडी जुन्या जोराने पडली.
न्हाव्याचा हात कोपरापासून चरकन फाटला.
माझा हात आपोआप बाजूला चाचपडला,
रॉड शोधत.
शिवू का? म्हटलं. चिकटवू?
गुरूंनी कातडं गालाजवळ धरलं, बोट फिरवलं
(मोतीबिंदू आहे त्यांना, सांगत नाहीत).
राहू दे तसाच, म्हणाले,
न्हाव्याचा हात आहे,
कधीतरी वस्तरा लागायचाच.

शेवटच्या रात्री नारळ फुटला,
खंजणी वाजायला लागली.
पांढऱ्या कापडामागे एरंडेलाचा दिवा,
आणि दिव्याला खेटून मी,
बांबूची चिरलेली काडी घट्ट धरून.
आतून काही दिसत नाही.
दिसतं ते बकऱ्याचं कातडं, धूर,
आणि घाम आलेले गुरूंचे कान.
पलीकडे कोण हसलं, कशाला हसलं,
कळायला मार्ग नाही.
मिनती धावत पुढे जाऊन बघून आली.
कसा दिसतो गं?
खाजवतोय असा, ती म्हणाली,
आणि परत पळाली.

घरी जाताना मोपेडवर सैरिंध्रीने विचारलं,
त्या न्हाव्याचा हात कसा हलवलात?
हलणार कसा? म्हटलं. सांधाच नाही त्याला.
फाटलंय तिथे, दिव्याची ज्योत हलली असेल.

हलत होता, ती म्हणाली,
आणि जरा मागे सरकून बसली,
वास अजून येतो म्हणून.